युनियन सूट : एका झडपेची पार्श्वभूमी
विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील पुरुष हिवाळ्यात शर्ट-पँटच्या आत गळ्यापासून घोट्यापर्यंत जाणारा एकसंध कपडा घालीत, त्याला ‘युनियन सूट’ म्हणत. यातल्या ‘युनियन’चा कामगार संघटनांशी संबंध नाही, बंडी आणि लांब चड्डी यांचा जोड एवढाच त्याचा अर्थ. पुरुषांच्या नावावर जमा झालेला हा कपडा मुळात स्त्रियांसाठी निघाला होता. कॉर्सेट आणि पदरावर पदर चढवलेले पेटीकोट यांच्या जाचातून बायकांची सुटका व्हावी म्हणून चाललेल्या वेशसुधारणेच्या चळवळीच्या काळात, १८६८ साली, न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे अशा फ्लॅनेलच्या कपड्याचे पेटंट घेतले गेले आणि त्याच्या नावातच ‘मुक्ती’ हा शब्द होता. पुरुषांनी तो उचलला तो थंडीपायी, कारण बंडी आणि चड्डी वेगळी असली की वाकताना कमरेशी फट पडते आणि नेमका तेथूनच गारठा शिरतो.

लोकर अंगाला टोचते ही तक्रार मिनियापोलिसच्या जॉर्ज मन्सिंग यांनी लोकरीच्या धाग्याला रेशमाची जोड देऊन बरीचशी मिटवली. त्यांची नॉर्थवेस्टर्न निटिंग कंपनी १९१९ मध्ये ‘मन्सिंगवेअर’ झाली. खरी अडचण होती ती शौचाला जाताना. अंगभर एकच कपडा म्हणजे सगळा उतरवणे आले. त्यावर तोड म्हणून मागे बटणांची झडप ठेवीत, पण बसताना ती बटणे रुतत आणि धुण्यात तुटत. विस्कॉन्सिनमधील केनोशा येथील कूपर कंपनीचे होरेस ग्रीली जॉन्सन यांनी १९१० च्या सुमारास कापडाचे दोन भाग फुलीसारखे एकमेकांवर आणून बटणांशिवाय उघडमीट होणारी रचना काढली. १९११ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये तिची जाहिरात झळकली आणि त्या काळचे नामांकित चित्रकार जे. सी. लायेंडेकर यांनी तिच्यासाठी चित्र काढले. ज्या वस्तूचे नाव चारचौघांत घेणेही अवघड, तिला असा कुंचला लाभावा, हे विशेषच.

उन्हाळ्यासाठी बी.व्ही.डी. कंपनीने १९०७ च्या पेटंटाचा बिनबाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा सूट आणला. त्याचे पातळ सुती कापड ‘नैनसूक’ म्हणजे आपले नैनसुखच. भारतातून जाणाऱ्या या कापडाचे नाव तिकडच्या गिरण्यांतही टिकून राहिले.

पुढे घरे आणि कचेऱ्या नळ्यांतून खेळणाऱ्या वाफेने व गरम पाण्याने ऊबदार होऊ लागल्या, तशी अंगभर लोकरीची गरज ओसरली आणि तरुणांना सुटी बंडी व आखूड चड्डी सोयीची वाटू लागली. अखेर १९ जानेवारी १९३५ रोजी शिकागोच्या मार्शल फील्ड दुकानात, बाहेर हिमवादळ चालू असताना, त्याच कूपर कंपनीची पाय नसलेली छोटी चड्डी विक्रीस आली आणि पहिल्याच दिवशी तिचे ६०० नग खपले. तिला दिलेले ‘जॉकी’ हे नावच कंपनीने पुढे स्वतःलाही घेतले.