‘श्युसल’ आणि ‘श्ल्युसल’: वाडगा कोणता, किल्ली कोणती?

जर्मन शिकणाऱ्याची हमखास गफलत करणारी घरगुती जोडी म्हणजे ‘श्युसल’ आणि ‘श्ल्युसल’. पहिला शब्द स्त्रीलिंगी असून त्याचा अर्थ मोठा, खोलगट वाडगा. दुसरा पुल्लिंगी असून त्याचा अर्थ किल्ली. लिहिताना दोहोंत फरक केवळ एका ‘ल’चा असल्यामुळे ते एकाच धातूपासून निघाले असावेत असे वाटते, परंतु त्यांची मुळे पूर्णपणे वेगळी आहेत.

‘श्युसल’ हा उसना शब्द आहे. लॅटिनमध्ये ‘स्कुत्रा’ म्हणजे पसरट थाळी आणि ‘स्कुटेला’ हे तिचे लघुत्वदर्शक रूप. त्यावरून ‘श्युसल’ आला; त्यावरूनच इटालियन ‘स्कोदेल्ला’ आणि कोळसा ठेवण्याच्या भांड्यासाठीचा इंग्रजी ‘स्कटल’ हे शब्द आले.

‘श्ल्युसल’ मात्र अस्सल जर्मन कुळातला आहे. ‘श्लीसन’ म्हणजे बंद करणे, आणि त्याला साधन दाखवणारा प्रत्यय लागून, आपल्याकडे गाळण्यावरून गाळणी व्हावी तसा, हा शब्द तयार झाला. म्हणजे जर्मन भाषेने किल्लीला नाव दिले ते उघडण्यावरून नव्हे, तर बंद करण्यावरून. कुलूप आणि राजवाडा हे दोन्ही अर्थ असलेला ‘श्लोस’ हा शब्दही याच क्रियापदाचा.

मग हे दोन शब्द इतके सारखे कसे झाले? जुन्या उच्च जर्मनमध्ये, म्हणजे आजच्या जर्मनच्या प्राचीन रूपात, त्यांची रूपे ‘स्कुस्सिला’ आणि ‘स्लुस्सिल’ अशी होती. त्याआधीच दोन्हींतल्या मूळ ‘ट’चा ‘स’ झाला होता. पुढे ‘इ’च्या प्रभावाने ‘उ’चा ‘यु’ झाला आणि आरंभीच्या ‘स्क’ व ‘स्ल’ यांची अनुक्रमे ‘श’ व ‘श्ल’ अशी रूपांतरे झाली. या बदलांनीच दोघांना जवळ आणले, याचा मला सर्वांत पटणारा पुरावा शेजारच्या डच भाषेत मिळतो: तिथे ‘ट’ टिकून राहिला, आणि थाळीला ‘स्खोटल’ व किल्लीला ‘स्ल्योटल’ म्हणतात, ज्यांचे आरंभीचे व्यंजन आणि स्वर दोन्ही वेगळे असल्याने गोंधळाला फारसा वाव उरत नाही.

मराठी माणसाला यात एक ओळखीची खूणही सापडते. आपली ‘चावी’ पोर्तुगीज ‘शावि’वरून आली आणि तो शब्द लॅटिन ‘क्लाविस’वरून, व्युत्पत्तिकार ‘क्लाविस’ आणि ‘श्लीसन’ यांना एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूशी जोडतात. त्यामुळे ‘श्ल्युसल’चे नाते रूपाने जुळ्या वाटणाऱ्या ‘श्युसल’शी नसून आपल्या चावीशी आहे.