सूक्ष्म बुडबुडे, अल्ट्रासाउंड आणि कर्करोगाचे औषध : पार्श्वभूमी

जेमसायटाबिन, कार्बोप्लाटिन, पॅक्लिटॅक्सेल ही कर्करोगावरची औषधे डॉक्टरांच्या हाती कित्येक वर्षांपासून आहेत. अडचण आहे ती औषध गाठीच्या आत पुरेसे पोचण्याची. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात आणि आतल्या द्रवाचा दाबही वाढलेला असतो. त्यामुळे शिरेतून दिलेले औषध अंगभर फिरून निरोगी पेशींना त्रास देते आणि गाठीच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. या अडचणीवर रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडून गाठीवर अल्ट्रासाउंड, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी, रोखण्याचा उपाय सुचला खरा, पण बुडबुड्यांचा अभ्यास सुरू झाला तो समुद्रावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमाराच्या वेगवान विनाशिकांच्या पंख्यांभोवती पाण्यात पोकळ्या, म्हणजे बुडबुडे, तयार होऊन जहाजाचा जोर वाया जातो, हे लक्षात आले होते. अशी पोकळी मिटताना केवढा प्रचंड दाब निर्माण होतो, याचे गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये मांडले.

वैद्यकात बुडबुडे आले ते तपासणीच्या वाटेने. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे रेमंड ग्रॅमिएक आणि प्रवीण शहा यांनी 1968 मध्ये असे नोंदवले की, महाधमनीच्या मुळाशी कॅथेटरमधून (बारीक नळीतून) रंगद्रव्य सोडले की अल्ट्रासाउंडच्या चित्रात त्या जागी प्रतिध्वनींचा दाट ढग उमटतो. हा ढग रंगद्रव्यासोबत गेलेल्या बारीक बुडबुड्यांचा होता. वायू द्रवापेक्षा कितीतरी पटींनी अधिक दाबला जातो, म्हणून ध्वनिलहरींना तो रक्तापेक्षा फार ठळक उत्तर देतो. मात्र साध्या हवेचे बुडबुडे रक्तात लगेच विरघळत. अल्ब्युमिन या प्रथिनाचे कवच असलेल्या, तपासणीसाठीच्या आल्ब्युनेक्स या बुडबुड्यांच्या औषधाला अमेरिकेत 1994 मध्ये मान्यता मिळाली, तरी आत हवाच होती. खरा टिकाऊपणा आला तो रक्तात सहज न विरघळणाऱ्या जड वायूंमुळे. युरोपात 2001 मध्ये मान्यता मिळालेल्या सोनोव्ह्यू या तशाच औषधाच्या कुपीत कोरडी भुकटी आणि सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू असतो. त्यात 5 मिली सलाइन घालून कुपी जोराने हलवली की दुधासारखे पांढरे द्रावण तयार होते. त्यातल्या बुडबुड्यांचा सरासरी व्यास सुमारे 2.5 मायक्रोमीटर, म्हणजे तांबड्या पेशीपेक्षाही लहान असतो, आणि म्हणूनच ते फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतून पार होतात.

तपासणीत बुडबुडा फुटणे ही काळजीची बाब मानली जाई, कारण त्याने शेजारच्या पेशींना आणि केशवाहिन्यांना इजा होऊ शकते. उपचाराचा विचार नेमका तिथूनच निघाला, आणि माझ्या मते या इतिहासातले खरे वळण तेच आहे. ध्वनीच्या दाबाखाली बुडबुडा लयीत आकुंचन-प्रसरण पावतो आणि भोवतीच्या द्रवाला ढवळून रक्तवाहिनीचे अस्तर ताणतो. दाब वाढवला तर तो कोसळतो. पेशीच्या पटलाला यामुळे क्षणिक छिद्रे पडतात, याला सोनोपोरेशन म्हणतात. 1990 च्या दशकात प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये या मार्गाने जनुके शिरवून दाखवण्यात आली. छिद्र पडावे पण पेशी मरू नये, हा तोल साधण्यातच पुढचे बरेच संशोधन खर्ची पडले.

हे सर्वांत प्रभावीपणे दिसले मेंदूत. ब्लड-ब्रेन बॅरियर, म्हणजे मेंदूच्या केशवाहिन्यांची घट्ट तटबंदी, बहुतेक औषधांना आत येऊ देत नाही. कुलेर्व्हो ह्युनिनेन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये सशांवर दाखवले की, बुडबुडे रक्तात असताना केंद्रित अल्ट्रासाउंड दिल्यास ती नेमक्या जागी काही काळापुरती उघडते. कवटीचे हाड ध्वनी शोषते, म्हणून पुढे दोन वाटा झाल्या. टोरोंटोच्या सनीब्रुक रुग्णालयात 2015 मध्ये कवटीबाहेरून, शेकडो ध्वनिस्रोत बसवलेल्या शिरस्त्राणातून, मेंदूत गाठ असलेल्या रुग्णावर हा उपचार झाला. पॅरिसच्या गटाने कवटीतच छोटे उपकरण बसवून कार्बोप्लाटिन दिले. त्याच उपकरणाची पुढची आवृत्ती वापरून शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने 2023 मध्ये ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कर्करोगाच्या 17 रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्यांत अल्ट्रासाउंड दिलेल्या भागात पॅक्लिटॅक्सेलचे प्रमाण सुमारे 3.7 पट आढळले, आणि उघडलेला अडथळा बहुतांशी तासाभरात पुन्हा मिटला. औषध पोचते, याचा माणसाच्या मेंदूतून मिळालेला हा थेट पुरावा असल्याने मला तो फार मोलाचा वाटतो.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात नॉर्वेतील बर्गनच्या गटाने साधे सोनोग्राफी यंत्र आणि सोनोव्ह्यू एवढ्यावरच काम केले. जेमसायटाबिन दिल्यानंतर सुमारे अर्धा तास थोड्या थोड्या वेळाने बुडबुडे सोडून गाठीवर प्रोब (यंत्राचा ध्वनी सोडणारा हातात धरायचा भाग) रोखून धरायचा, अशी ती पद्धत होती. 2016 मध्ये त्यांनी 10 रुग्णांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) 17.6 महिने आणि तुलनेच्या गटाचे 8.9 महिने असल्याचे नोंदवले. हे आकडे आशा वाढवणारे आहेत, पण ती तुलना पूर्वी उपचार घेतलेल्या रुग्णांशी होती, चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या दोन गटांमधली नव्हती. हे आकडे सांगताना ही गोष्टही सांगितलीच पाहिजे, कारण रुग्ण आणि नातेवाईक त्यावर निर्णय घेत असतात.

या चाचण्यांत वापरलेले बुडबुडे मुळात तपासणीसाठी बनवलेले होते. त्यांचा आकार, टिकण्याचा काळ आणि मात्रा उपचारासाठी ठरवलेली नव्हती. म्हणून आता खास उपचारासाठीच बुडबुडे घडवले जात आहेत. नॉर्वेतच विकसित झालेल्या एका पद्धतीत बुडबुडा आणि सूक्ष्म थेंब यांची जोडी रक्तात सोडतात. अल्ट्रासाउंड लागताच थेंबाचा वायू होऊन मोठा बुडबुडा बनतो, केशवाहिनीत थोडा वेळ अडकतो आणि तिथेच हलत राहून औषधाला वाहिनीच्या भिंतीपलीकडे जायला वाट करून देतो.