अखेरच्या दिवसांत माणूस कुणाला बोलावतो?

आजार आता बरा होणार नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की कोकणातली बरीच म्हातारी माणसं एकच हट्ट धरतात, मला घरी न्या. मुलांना वाटतं, यांनी जगण्याची आस सोडली. मानसशास्त्राला तसं वाटत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी १९९० च्या दशकात मांडलं, की वेळ भरपूर आहे असं वाटतं तोवर माणूस नव्या ओळखी जोडतो. वेळ थोडा उरलाय हे कळलं की त्याला जिवाभावाची माणसं हवीशी होतात. गंमत म्हणजे हा निव्वळ वयाचा परिणाम नव्हे. १९९७ मध्ये ब्रिटिश अंमल संपून हाँगकाँग चीनकडे जायला काही महिने उरले असताना तिथली तरुण मुलंही वृद्धांसारखी आपल्या माणसांकडे ओढली गेली होती. हस्तांतर होऊन वर्ष सरल्यावर ती ओढ ओसरली.

गुहागरजवळच्या वाडीत एका काकूंचे अखेरचे महिने मी जवळून पाहिले. भेटायला येणाऱ्यांची रीघ त्यांना नकोशी झाली होती. पण वैशाखात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसलं की खाट पडवीत आणायला लावायच्या. सालं आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, वाळली की पुन्हा बुडवायची. रंग बघून नातीला म्हणायच्या, "अजून एक पुट दे गो." ती आमसुलं पावसाळ्यासाठी होती. पाऊस आपल्याला दिसणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

बाहेरून बघणाऱ्याला यातलं समाधान दिसत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असाध्य आजाराच्या रुग्णांनी खरोखर लिहिलेले ब्लॉग आणि 'आपण मरणपंथाला लागलोय' अशी कल्पना करून इतरांनी लिहिलेला मजकूर शेजारी ठेवून तपासला. कल्पनेतलं लेखन जास्त उदास होतं. खऱ्या रुग्णांच्या लेखनात तर मृत्यू जवळ येत गेला तसे आनंदाचे शब्द वाढत गेले.

अर्थात कळा सोसवत नसताना कुणाला आमसुलं सुचत नाहीत. म्हणून घरी नेण्याआधी दुखणं आटोक्यात ठेवणारी औषधं कोण देणार, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, हे डॉक्टरांकडून पक्कं करून घ्यावं. आणि पाहुण्यांना हो म्हणण्याआधी खाटेवरच्या माणसाला विचारावं.