पार्श्वभूमी : फरशीवर अ‍ॅसिड मारायची पद्धत आणि तिच्यामागून आलेला सीलर

नाशकात गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत सध्या टाइल्स, त्यांच्या मधले जॉइंट आणि दगडी फरशी क्लीन करून सील करून देण्याचं काम जोरात आहे. त्यातलं बरंचसं काम घाणीमुळे निघत नाही, आधी कोणीतरी मारलेल्या अ‍ॅसिडमुळे निघतं. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण त्याशिवाय सीलर, म्हणजे दगडात डाग शिरू नये म्हणून लावायचं द्रव्य, इतका का विकला जातो ते कळणार नाही.

खूप मागे जात नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांत शेणाने सारवलेली जमीन असायची नाहीतर काळा दगड, मग शहाबादी आली. शहाबादी कर्नाटकातली, कडाप्पा आंध्रातला, कोटा राजस्थानचा, पण तिन्ही मुळात चुनखडीचेच दगड आहेत आणि मार्बलही त्याच घराण्यातला. चुनखडीवर आंबट काहीही पडलं की फेस येतो आणि वरचा थर विरघळतो, मग ते लिंबू असो, चिंचेचं पाणी असो की बाटलीतलं अ‍ॅसिड. आपला काळा बेसाल्ट वेगळा, तो लाव्हाचा दगड, काळाराम आणि त्र्यंबकेश्वर त्याच दगडात उभे आहेत. त्याच्यावर फेस येत नाही म्हणून लोकांना वाटतं की इथे अ‍ॅसिड चालतं, पण जुन्या दगडी कामात सांधे चुन्याचे असतात आणि ते विरघळतात, म्हणून जुन्या वाड्याच्या चौकात अ‍ॅसिड ओतू नका.

सत्तर-ऐंशीच्या दशकात सिडको, सातपूर भागात घरं वाढली तेव्हा मोझॅक आली. सिमेंटमध्ये मार्बलच्या चिप्स घातलेली ही टाइल बसवल्यावर जागेवरच मशीनने घासायची, आधी जाड बट्टी (घासायचा दगड) मग बारीक, सगळीकडे पांढरा चिखल, आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडर लावून चमक काढायची, वरून मेण. अ‍ॅसिड फरशीच्या कामात खरं तर इथूनच शिरलं, कारण ऑक्झॅलिक हेही अ‍ॅसिडच. पण ते मोजून वापरायचे, घासून लगेच धुवायचे, आणि काम पॉलिशवाल्याच्या हातात असायचं.

नव्वदच्या दशकात बाथरूमला ग्लेझ्ड (वर काचेसारखा थर असलेल्या) टाइल्स लागायला लागल्या, जॉइंटमध्ये व्हाइट सिमेंट. टाइल्स बसवताना सिमेंटचं पाणी वर सांडून वाळतं आणि पांढरट पडदा राहतो, तो कापडाने निघत नाही. मिस्त्री लोकांनी साधं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पाण्यात घालून मारलं आणि पडदा दोन मिनिटांत गेला. ग्लेझला काही झालं नाही म्हणून पद्धत पक्की बसली. पुढे दोन हजारनंतर हॉलमध्ये व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाइल आली, तिथेही तेच, मग तीच बादली पार्किंगच्या कोट्यावर, जिन्याच्या कडाप्प्यावर आणि शेवटी मार्बलवरही गेली. सामान बदलत गेलं, हात आणि बाटली तीच राहिली.

वाद नेमका इथे आहे. पझेशनच्या आधी बिल्डरने अ‍ॅसिड वॉश करून द्यावा की नाही? करणारे म्हणतात की वेळ नसतो, मजूर मिळत नाहीत, ग्राहकाला चावी घेताना फरशी चमकलेली हवी असते, आणि पातळ करून मारलं आणि भरपूर पाण्याने धुतलं तर काही होत नाही. यातलं पातळ करण्याचं आणि धुण्याचं बरोबर आहे, पण साइटवर मोजून पातळ करतं कोण, आणि मारण्याआधी जॉइंट पाण्याने भिजवून घेतं कोण? कोरडा जॉइंट अ‍ॅसिड आत ओढतो. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही त्यामुळे तिला काही होत नाही, सगळा मार जॉइंटमधल्या सिमेंटवर बसतो. तो खरबरीत होतो, बारीक छिद्रं पडतात, त्यात पोछ्याचं घाण पाणी बसतं आणि वर्षभरात जॉइंट काळे. मग घरातले पुन्हा अ‍ॅसिड मारतात. बोअरचं पाणी असेल तर क्षारांचे पांढरे डाग घालवायला आणखी एकदा. असं करत बाथरूमचे जॉइंट पोकळ होतात, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते आणि सोसायटीत भांडण लागतं. वाफेने स्टीलच्या नळांवर गंज चढतो तो वेगळाच. माझं मत स्पष्ट आहे, कोटा, कडाप्पा आणि मार्बलवर अ‍ॅसिड वॉश हा गुन्हा आहे आणि टाइल्सवर तो आळस आहे.

२०१३ मध्ये न्यायालयाने उघड्या अ‍ॅसिडविक्रीवर बंधनं घातली, कारण होतं अ‍ॅसिड हल्ल्यांचं, फरशीचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण टाइल क्लीनर म्हणून लेबल लावलेल्या बाटल्यांत बऱ्याचदा तेच असतं, तेव्हा मागचं लेबल वाचा. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने लोकांनी फरशीवर ब्लीच ओतलं, काहींनी त्यातच अ‍ॅसिड क्लीनर मिसळलं, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

सीलर आला तो या सगळ्याच्या मागून, इटालियन मार्बल घेणाऱ्यांसोबत. एक प्रकार दगडाच्या छिद्रांत शिरतो आणि वरून दिसत नाही, दुसरा वर पारदर्शक थर करतो. दुसरा दिसायला छान, पण पावसाळ्यात खालून ओल आली की पांढरा पडतो आणि पोपडे निघतात, म्हणून तळमजल्याला तो नकोच. दगडावर पाण्याचा थेंब ठेवा, थोड्या वेळात जागा गडद झाली तर सीलर लागेल, थेंब तसाच राहिला तर पैसे वाचवा. विकणारे एक गोष्ट सांगत नाहीत ती ही की सीलर तेल-हळदीचा डाग अडवतो, आंबटाने जाणारी चमक अडवत नाही. मार्बलच्या ओट्यावर लिंबू सांडलं तर सील केलेला असला तरी खूण पडणारच, आणि ती घासूनच काढावी लागते.

आता जॉइंटला सिमेंटऐवजी इपॉक्सी (कडक होणारं रेझिन) भरतात, तिला सीलर लागत नाही. तिचा पडदा ओला असतानाच स्पंजने पुसायचा असतो, वाळल्यावर त्यासाठीचं वेगळं रिमूव्हर लागतं, अ‍ॅसिडने तो निघत नाही. तरी मिस्त्री अजून अ‍ॅसिडच आणतात.