म्हातारपणी मूत्राशय काढण्याचं ऑपरेशन आणि त्यातले धोके

मूत्राशयाचा कॅन्सर स्नायूच्या थरात शिरला की बऱ्याचदा अख्खं मूत्राशयच काढावं लागतं, याला रॅडिकल सिस्टेक्टॉमी म्हणतात. पुरुषांचं प्रोस्टेटही सोबत काढतात, बायकांचं बहुतेकदा गर्भाशय. हा आजारच मुळात सत्तरीच्या आसपासचा, त्यात बरेच पेशंट वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट ओढलेले, म्हणजे टेबलावर येतानाच छाती आणि हृदय थकलेलं असतं.

घरच्यांना भीती रक्तस्रावाची वाटते, पण नंतर जास्त छळतं ते आतडं. लघवीला नवी वाट म्हणून लहान आतड्याचा साधारण 15 ते 20 सेंटीमीटर तुकडा घेतात, किडनीकडून येणाऱ्या नळ्या त्याला जोडतात, तोंड पोटावर उघडतात आणि वर पिशवी लावतात. उरलेलं आतडं परत जोडलं तरी ते काही दिवस हलतच नाही, पोट फुगतं, उलट्या होतात, जेवण जात नाही आणि ऐंशीचं माणूस बघता बघता खंगतं. पहिल्या 90 दिवसांत निम्म्याहून जास्त पेशंटना काही ना काही कॉम्प्लिकेशन होतं, त्यात इन्फेक्शन आलं, न्यूमोनिया आला, पायात रक्ताची गुठळी आली (म्हणून घरी गेल्यावरही साधारण 4 आठवडे इंजेक्शन देतात).

डिलिरियमबद्दल, म्हणजे ऑपरेशननंतर अचानक होणाऱ्या भ्रमाबद्दल, तर आधीच सांगायला हवं. रात्री आजोबा नळ्या ओढायला लागतात, कधीच वारलेल्या भावाला हाका मारतात, आणि घरच्यांना वाटतं वेड लागलं. बहुतेकांचं ते उतरतं, चष्मा, कानाचं मशीन आणि ओळखीचं माणूस जवळ असलं की खूप फरक पडतो.

नुसत्या वयावरून नाही म्हणणं मात्र चुकीचं आहे. चालणं कसंय, वजन उतरलंय का, किडनी किती चालते, हे वयापेक्षा जास्त सांगतं. ज्यांना झेपणार नाही त्यांच्यात दुर्बिणीतून गाठ खरवडून केमो आणि रेडिएशन देतात, निवडक पेशंटमध्ये त्याचा रिझल्ट चांगला येतो. काहीच न करणं पण सोपं नाही, लघवीतून रक्त जातं, गुठळ्या अडकून लघवी तुंबते.

आणि पिशवी बदलणार कोण? हात थरथरतात, नीट दिसत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधीच पेशंटला बसवून, उभं करून, पायजम्याची नाडी कुठे येते, पोटाची घडी कुठे पडते ते बघून पेनाने जागा आखतात, त्याला स्वतःला दिसेल अशी.