पेशीचा दारूखाना

हार्बर लाइनने रे रोडला उतरून बंदराच्या दिशेने चालत गेलं, की दारूखाना लागतो. दर्यावरची नोकरी संपलेली जहाजं इथे तोडायला येतात. पण जहाज किनाऱ्याला लागलं म्हणून कुणी लगेच गॅसकटर घेऊन त्याच्यावर चढत नाही. आधी कागद होतात, आतलं सामान उतरतं, मग पत्रे कापले जातात आणि वितळून पुन्हा लोखंड म्हणून बाजारात येतात. मला तिथे हटकून पेशी आठवते.

कॉलेजात आम्हाला प्रथिनं घडतात कशी यावर अख्खी प्रकरणं होती. मोडतात कशी, यावर जेमतेम एक परिच्छेद. मोडणं म्हणजे झाडलोट, त्यात काय शिकायचं, असा एकूण सूर. हा सूर किती चुकीचा होता, ते ब्रिटिश शास्त्रज्ञ टिम हंट यांच्या 1982च्या प्रयोगावरून कळतं. अमेरिकेत वूड्स होल इथे ते सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाची फलित अंडी पाहत होते. थोड्याथोड्या वेळाने नमुना काढायचा आणि नवी प्रथिनं किती झाली ते मोजायचं. बाकीची प्रथिनं वाढतच होती. एक मात्र वाढायचं आणि पेशी दुभंगायच्या सुमारास नाहीसं व्हायचं. पुन्हा साठायचं, पुन्हा गायब. फेऱ्या मारणारं म्हणून त्याचं नाव पडलं सायक्लिन. पेशीला विभाजनाच्या तयारीला लावणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, हे प्रथिन जागं करतं.

आता प्रश्न असा, की ते मोडायचंच कशाला? पेशीकडे प्रथिनं बंद-चालू करायची सोपी सोय असते. फॉस्फेटचा तुकडा चिकटवला की प्रथिन एका अवस्थेत, काढला की दुसऱ्या. पण जे बटण दाबून बंद होतं, ते चुकून पुन्हा चालूही होतं. अर्धी वाटणी झालेल्या पेशीला मागे फिरणं परवडत नाही. मोडलेलं प्रथिन मात्र पुन्हा चालू होत नाही, नव्याने बनवावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. 1989 साली अँड्र्यू मरे आणि मार्क कर्शनर यांनी सायक्लिनचा सुरुवातीचा भाग छाटून ते मोडता येणार नाही असं केलं आणि बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात घातलं. तो अर्क विभाजनाच्या मधोमध अडकून बसला.

मोडायचं कुणाला हे ठरतं चिठ्ठीने. ही चिठ्ठी म्हणजे युबिक्विटिन, अवघ्या 76 अमिनो आम्लांचं प्रथिन. हे चिठ्ठीचं तंत्र उलगडल्याबद्दल इस्रायलचे आरन सिचानोव्हर, अवराम हर्श्को आणि अमेरिकेचे अर्विन रोझ यांना 2004चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना छळत होतं एक जुनं कोडं. पोटात अन्नातलं प्रथिन फुटतं, त्या फोडण्याला वेगळी ऊर्जा लागत नाही. मग पेशीत तेच काम करायला ऊर्जा का खर्च होते? उत्तर निघालं ते असं: एक खर्च चिठ्ठी चिकटवण्याचा, दुसरा प्रथिनाची घडी उलगडण्याचा. तोडणं फुकटच आहे, पैसे पडतात ते निवडीचे.

चिठ्ठी तीन विकरांच्या हातून जाते. पहिलं तिला सज्ज करतं, दुसरं वाहून नेतं, तिसरं गिऱ्हाईक ओळखतं. पहिल्या जातीची माणसात दोनच, तिसऱ्याची सहाशेहून जास्त, कारण खरी अक्कल तिथे लागते. बहुतेक वेळा एक चिठ्ठी पुरत नाही, तिची साखळी लागते. मग येतो प्रोटिअसोम, म्हणजे प्रथिनं तोडणारं पेशीतलं यंत्र: पिंपासारखा, पाती आतल्या बाजूला, तोंड चिंचोळं. भलतंच कुणी आत पडू नये म्हणून ही रचना. तोंडाशी चिठ्ठ्या सोडवून परत वापरात जातात, प्रथिन उलगडून आत ओढलं जातं आणि बारीक तुकडे बाहेर येतात. त्यांची पुढे अमिनो आम्लं होतात.

विभाजनातला तिसऱ्या जातीचा मुकादम म्हणजे एपीसी, डझनाहून अधिक प्रथिनांचं जुडगं. विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते, आणि मूळ व नक्कल यांच्या या जोड्या कोहेसिन या प्रथिनाच्या कड्यांनी बांधलेल्या असतात. कडी कापणारी कात्री, सेपरेज, तयारच असते, पण सेक्युरिन हे प्रथिन तिला धरून ठेवतं. माणसाच्या 46 जोड्यांपैकी एक जरी पेशीच्या दोन्ही टोकांकडून ओढणाऱ्या दोऱ्यांना नीट जोडली गेली नसेल, तर एपीसीला थांबायचा इशारा मिळतो. आपली लोकल दारात लोंबकळणाऱ्या शेवटच्या माणसासाठी थांबत नाही, पेशी थांबते. शेवटची जोडी लागली, की एपीसी सेक्युरिनवर चिठ्ठी लावतं. सेक्युरिन जातं, कात्री सुटते, गुणसूत्रं काही मिनिटांत दोन टोकांना. त्याच दमात सायक्लिनचाही निकाल लागतो.

हे सगळं कळल्यावर कुणाला तरी उलटा विचार सुचणारच होता: दारूखानाच बंद पाडला तर? बॉर्टेझोमिब हे औषध प्रोटिअसोमची पाती बोथट करतं. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी अमेरिकेत त्याला 2003 साली मान्यता मिळाली. या रोगातल्या पेशी अहोरात्र प्रतिपिंडं बनवत असतात, त्यामुळे बिघडलेला मालही त्यांच्याकडे ढिगाने. तो उचलला गेला नाही, की त्या इतरांआधी गुदमरतात. पण प्रोटिअसोम मज्जातंतूंनाही लागतोच. म्हणून कित्येक रुग्णांच्या बोटांना, तळपायांना मुंग्या येतात, आग होते आणि डॉक्टरांना डोस कमी करावा लागतो.