फेर्रागोस्तो

फेर्रागोस्तो हा इटलीत दरवर्षी १५ ऑगस्टला येणारा सण आणि सार्वजनिक सुटीचा दिवस होय. इ. स. पू. १८ मध्ये सम्राट ऑगस्टसने सुरू केलेल्या ‘फेरिए ऑगुस्ती’ या रोमन विश्रांतिपर्वात त्याचे मूळ आहे. सुगीची मोठी कामे उरकल्यावर शेतात राबणाऱ्यांना व ओझ्याच्या जनावरांना विसावा मिळावा, हा त्यामागील हेतू होता. या दिवसांत घोड्यांच्या शर्यतीही होत. पुढे येशूची आई मेरी हिच्या स्वर्गारोहणाचा सण १५ ऑगस्टला साजरा होऊ लागल्याने जुन्या सुटीला ख्रिस्ती अधिष्ठान लाभले. स्वर्गारोहणाला धर्मसिद्धांत म्हणून अधिकृत मान्यता मात्र पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये दिली.

आज बहुसंख्य इटालियनांच्या लेखी हा दिवस चर्चपेक्षा समुद्रकिनाऱ्याचाच अधिक आहे. फॅसिस्ट राजवटीने १९३१ पासून स्वस्त भाड्याच्या ‘लोकगाड्या’ सोडल्या आणि शहरातील कामगार कुटुंबांना सहलीची चटक लागली. महायुद्धानंतर उत्तरेकडील कारखाने ऑगस्टमध्ये एकदमच बंद राहू लागल्याने मिलान व तोरिनो ही शहरे या काळात ओस पडत. दुकानांच्या दारांवर ‘सुटीनिमित्त बंद’ अशा पाट्या अजूनही लागतात. रोममध्ये ढोबळी मिरची घालून शिजवलेली कोंबडी हा या दिवसाचा ठरलेला पदार्थ असून, ती बहुधा आदल्या दिवशी करून ठेवतात व कोमट किंवा गारच खातात. सिसिलीत कलिंगडाच्या रसात स्टार्च घालून तो थिजवतात आणि बियांच्या जागी चॉकलेटचे तुकडे पेरतात.

सिसिलीतील मेस्सिना शहरात मेरीचा उंच मनोरा अनवाणी भाविक दोरखंडांनी ओढत नेतात. मात्र जुन्या शर्यतींची आठवण करून देणारा खरा थरार १६ ऑगस्टला सिएना शहरातील ‘पालिओ’ या घोड्यांच्या शर्यतीत पाहावयास मिळतो. शहराच्या १७ पेठांपैकी (कोंत्रादा) १० पेठा त्यात उतरतात. घोडे चिठ्ठ्या टाकून वाटले जात असल्याने उत्तम घोडा पदरी पडणे हा सर्वस्वी नशिबाचा भाग असतो. शर्यतीपूर्वी घोड्याला पेठेच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद दिला जातो. खोगिराविना बसलेले स्वार शहराच्या मुख्य चौकाला तीन फेऱ्या मारतात आणि साधारण दीड मिनिटात सारे आटोपते. स्वार वाटेत पडला तरी त्याचा घोडा पहिला आल्यास ती पेठच विजयी ठरते. बक्षीस म्हणजे मेरीचे चित्र रंगवलेले एक निशाण. विजेते ते मिरवत कॅथेड्रलमध्ये आभारप्रार्थनेसाठी नेतात.